फुलांचा जाळ

खुलताबादचा घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडं विश्वजित सरांचं रिसॉर्ट होतं. घराणं उस्मानपुऱ्यातलं, नोकरदार. आजोबा कचेरीत अव्वल कारकून, वडील बँकेत. धंद्यात पडलेला घरातला पहिला माणूस विश्वजित, त्यामुळं प्रत्येक गोष्ट त्याला चार लोकांपेक्षा वेगळी लागायची. बाकीच्यांकडं तंदूर होते म्हणून त्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून चिनी मातीची परदेशी शेगडी मागवली. ती टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. कमरेएवढी उंच, पोटाळ, लोणच्याच्या बरणीसारखी तपकिरी आणि चकचकीत. वर बिजागरीचं जाडजूड झाकण, खाली हवेला एक खिडकी, डोक्यावर दुसरी. कागदावर तिचं नाव काहीतरी जपानी होतं. स्टाफनं दोन दिवसांत त्याचा 'रांजण' करून टाकला.

रांजण सांभाळायचा तो इंद्रजीत. पिशोरचा, सव्वीस वर्षांचा. शहरातल्या हॉटेलांत भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो तंदूरपर्यंत पोचला होता आणि हाताला चव होती. रांजणाची खोड त्यानं आठवड्यात ओळखली. खिडक्या बंद करून निखारे दाबून ठेवले की आत हवेचा दुष्काळ पडतो. अशा वेळी झाकण भसकन उघडलं तर बाहेरची हवा आत घुसते आणि जाळ समोर असेल त्याच्या तोंडावर येतो. म्हणून आधी दोन बोटं फट ठेवायची, रांजणाला दम घेऊ द्यायचा, मग उघडायचं. इंद्रजीतनं भाजलेलं बोकडाचं रान, म्हणजे अख्खी मांडी, खायला लोक जालन्याहून गाड्या काढून येऊ लागले. पांढरी टोपी घालून तो पाहुण्यांपुढं सुरी चालवायचा, आणि विश्वजित सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आमचा हुकमी एक्का."

जानेवारीतल्या एका रविवारी सरांचे कॉलेजचे मित्र जेवायला आले. रान आत होतं, खिडक्या बंद होत्या. इंद्रजीत खाली वाकून राखेची खिडकी सारत होता, तेवढ्यात सर पुढं झाले. "थांबा, मी दाखवतो तुम्हाला गंमत."

"सर, थांबा, दम घेऊ द्या त्याला—"

सरांनी बाजूला उभं राहून झाकण वर ओढलं.

जाळ माणसासारखा उभा राहिला आणि इंद्रजीतच्या उजव्या अंगावर पडला. गाल, कान, मान, हात. तो मागं कोसळला. कुणीतरी पाणी पाणी म्हणून ओरडलं. बादली सरांच्याच हाताला लागली, आणि ती त्यांनी रांजणावर ओतली. लाल झालेल्या चिनी मातीवर गार पाणी पडलं तसा ठाककन आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत तडा गेला. इंद्रजीतच्या अंगावर पाणी आलं ते नंतर, आप्पारावच्या हातातल्या पाइपातून. गुलाबाचे वाफे सोडून म्हातारा पाइप फरफटत धावत आला होता.

आप्पाराव म्हणजे रिसॉर्टचा माळी. तिथं नुसती मोसंबीची बाग होती तेव्हापासूनचा. पंपाच्या खोलीमागं पत्र्याची एक खोली होती, त्यात तो आणि त्याची बायको सत्यभामा राहायचे. एकुलती एक मुलगी पिशोरला दिलेली, म्हणून इंद्रजीत दोघांना घरच्या माणसासारखा. तो दवाखान्यात होता तेव्हा त्याची आई कडूबाई आणि सत्यभामा आळीपाळीनं उशाशी बसल्या. कडूबाई दिवसा, सत्यभामा रात्री. पू पुसायचा, चमच्यानं पेज भरवायची, माशा वारायच्या.

तिसऱ्या दिवशी सर आले. कडूबाईला त्यांनी चहा प्यायला खाली पाठवलं आणि खुर्ची कॉटजवळ ओढली.

"पोलीस येईल जबाब घ्यायला. भाजल्याच्या केसमध्ये येतोच. झाकण तुझ्या हातून सुटलं असं सांग."

इंद्रजीतला धड बोलता येत नव्हतं. एका डोळ्यानं तो बघत राहिला.

"हे बघ, मी सांगतो ते तुझ्या भल्याचं. चौकशी लागली, लायसन अडकलं, तर टाळं लागेल. टाळं लागल्यावर तुला कोण विचारणार? ह्या अशा..." सर थांबले. "तुझी जागा कायम आहे. शब्द देतो."

संध्याकाळी हवालदार आला. तो लिहून घेत होता आणि एकेका शब्दाला इंद्रजीतचा ओठ उलत होता. "माझ्याच हातनं सुटलं." खाली अंगठा डाव्या हाताचा घेतला, उजवा बांधलेला होता.

एप्रिलमध्ये तो कामावर परत आला. गाल वितळून पुन्हा गोठलेल्या मेणासारखा दिसत होता, कान आखडून सुक्या अंजिराएवढा राहिला होता, आणि वरचा ओठ एका बाजूला कायमचा उचललेला. सरांनी त्याला ऑफिसात बसवलं, पाणी मागवलं.

"जागा कायम म्हणालो होतो, कायमच आहे. पण काउंटरला आता... तू समजून घे. लोक जेवायला येतात. तू बागेत बस आप्पारावच्या हाताखाली. सावलीचं काम आहे."

त्याची टोपी हैदराबादहून आणलेल्या नव्या आचाऱ्याच्या डोक्यावर होती. नवी शेगडी लोखंडाची होती.

बागेत तो कोणाशी बोलेना. आप्पारावनं त्याला बोलायला लावलं नाही. खुरपं हातात दिलं, कोणतं तण आणि कोणतं रोप एवढं दाखवलं आणि आपण शेजारी उकिडवा बसून राहिला. सत्यभामा रोज संध्याकाळी खोलीमागच्या कोरफडीचं पान चिरून गर त्याच्या मानेला चोळायची. नवी कातडी लई खाजायची.

"नखं लावू नको रं बाबा. लेकराच्या कातडीवानी हाय ती."

तो मान खाली घालून बसायचा. जेवणही तिथंच. दोन महिने असेच गेले आणि त्या दोन महिन्यांत तो त्यातल्या त्यात माणसात आला.

जूनमध्ये सरांच्या बायकोनं, मृण्मयी मॅडमनी, गोदामात फुटका रांजण बघितला. सर तो भंगारात घालणार होते.

"भंगारात? वेडा आहेस का? मी त्यात फुलं लावणार. गेटमधून आत आलं की समोर."

रांजण गेटसमोर आणून ठेवला. आप्पाराव आणि इंद्रजीतनं आतलं निखाऱ्यांचं वाडगं काढलं. बुडाशी जुन्या चरबीत कालवलेली राख दगडासारखी बसली होती. ती खरवडायला खांद्यापर्यंत हात आत घालावा लागे. इंद्रजीतनं डावा हात घातला आणि तोच वास नाकात गेला. तो बाहेर येऊन कुंपणाशी ओकला.

"तू सर बाजूला," आप्पाराव म्हणाला. "म्या करतो."

मॅडम छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. "इंद्रजीतलाच करू दे ना, आप्पा. त्याच्याइतकी ओळख कोणाची आहे रांजणाशी?" आणि हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं होतं.

खालच्या खिडकीला जाळी लावली म्हणजे पाणी निथळेल. वर खडी, खडीवर नारळाचा भुसा, मग शेणखत आणि लाल माती. आप्पाराव तडा सिमेंटनं बुजवायला निघाला तर मॅडमनी हात धरला. "तडा राहू दे. त्यालाच तर मजा आहे." झाकण अर्धं उघडं ठेवून मागून लोखंडी सळईनं पक्कं केलं. मग त्यांनी फोनवरचं चित्र दाखवलं.

"मध्ये उंच लाल साल्व्हिया, भोवती केशरी झेंडू, आणि काठावरून खाली पिवळा चिनी गुलाब. लांबून बघितलं की झाकणातून जाळ बाहेर आल्यासारखं वाटलं पाहिजे."

इंद्रजीत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मॅडमना त्याचं भाजणं आठवलं नसावं. आठवलं असलं तरी त्यात काही वावगं वाटलं नसावं.

आप्पारावचा हात भाग्याचा. नवरात्रापर्यंत रांजण असा फुलला की रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून फोटो काढू लागली. सरांना तर बोलायला विषयच मिळाला. पाहुणे आले की त्यांना घेऊन ते रांजणाशी उभे राहायचे. परदेशातून कसा आणला, किती किलोचा, आणि मग शेवटी, "ह्याच्यात एक ट्रॅजेडी पण आहे बरं का."

पहिल्यांदा त्यांनी इंद्रजीतला हाक मारली तेव्हा तो झारी घेऊन जाईच्या मांडवाशी होता. "ये रे इकडं. लाजतोस काय?" तो आला. सात-आठ बाया-माणसं होती. जानेवारीतल्या मित्रांपैकी एकजण त्यांत होता, झाकण ओढलं तेव्हा तीन पावलांवर उभा असलेला.

"हा आमचा इंद्रजीत. उत्तम आचारी होता. पण घाई नडली पठ्ठ्याला. मी ओरडतोय, थांब, थांब, दम घेऊ दे. पण ऐकेल तर शपथ! ओढलं झाकण." सरांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "तरी आपण सोडलं नाही त्याला. बागेत ठेवलं."

तो मित्र मान डोलावत म्हणाला, "मी होतो ना. बापरे."

एका बाईनं इंद्रजीतला रांजणाशेजारी उभं केलं आणि फोन धरला. "जरा हसा ना दादा." तो हसला. उचललेला ओठ आणखी वर गेला. बाईनं फोटो बघितला, शेजारणीला दाखवला. "नको, हा डिलीट करते," बाई म्हणाली, आणि नुसत्या फुलांचा दुसरा काढला.

हे पुढं दर रविवारचं झालं. सर सांगत गेले तशी गोष्ट वाढत गेली. इंद्रजीत कधी मोबाइल बघत होता, कधी दारू घेतलेला होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर म्हणाले, "इंद्रजीत, तूच सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे लोकांना." आणि त्यानं सांगितलं. घाई केली म्हणाला. लोक हळहळले.

सोमवारी पहाटे मुदपाकखान्यात नाश्त्याची अंडी उकडून झाली होती. इंद्रजीतनं ते खळखळतं पाणी बादलीत घेतलं, जाडं मीठ ओंजळीनं टाकलं, काठीनं ढवळलं आणि रांजणात ओतलं. माती फसफसली आणि सगळं पिऊन बसली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. त्याला वाटलं होतं बरं वाटेल. आणि बरं वाटलं. साल्व्हियाच्या मुळाशी वाफ निघताना तो कित्येक महिन्यांनी पोटातून मोकळा झाला.

गुरुवारी माना पडल्या. शुक्रवारी सगळा जाळ काळा. आप्पाराव बोटांनी माती उकरत होता. मुळं हातात घेऊन चोळली तर सालासकट निघून आली, शिजलेल्या भाजीगत. त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला. मग तसाच बसल्या बसल्या त्यानं इंद्रजीतकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खारट हाय."

"मला काय ठावं," इंद्रजीत म्हणाला.

"तुला इचारलं नाय म्या." म्हातारा उठला, गुडघे झटकले. "माती सगळी बदलू. नर्सरीतून रोपं आणतो दोन दिसात. मॅडम रईवारी येत्यात, तवर कुणाला कळायचं नाय."

पण मॅडम शनिवारीच आल्या. लग्नाचे फोटो रिसॉर्टवर काढायचे म्हणून एक कुटुंब घेऊन आल्या होत्या आणि गाडीतून उतरताना त्याच फुलांचं वर्णन चाललं होतं. आप्पारावनं निम्मी माती उपसलेली, काळी पडलेली रोपं बाहेर ढीग करून ठेवलेली. पाहुणे जरा वेळ उभे राहिले आणि तळ्याकडं निघून गेले. मॅडमचा आवाज चढला नाही. तो उलट खाली गेला.

"काय केलंस, आप्पा?"

"मातीत मीठ हाय मॅडम."

"मीठ? मीठ काय आभाळातून पडलं? बागेत तू असतोस. दुसरं कोण असतं इथे?"

 आप्पारावची नजर इंद्रजीतकडं गेली. नुसती गेली, तो बोट दाखवणार नव्हता. हे इंद्रजीतला तेव्हाही कळत होतं. पण मॅडमनी ती नजर पकडली आणि त्याही वळल्या, आणि आता दोघंही त्याच्या तोंडाकडं बघत होते.  बाग गेली तर पुढं कोण उभं करणार होतं त्याला? हे तोंड घेऊन कुठल्या दारात जाणार होता तो?

"मॅडम, आप्पा लई दिसांपासून चिडून व्हते," तो म्हणाला. पहिलं वाक्य बाहेर पडल्यावर बाकीची आपोआप आली. "मॅडमच्या ह्या नखऱ्यांपायी कंबर मोडली म्हणायचे. म्या दोनदा बघितलं त्यांना मुदपाकखान्यातनं मीठ नेताना. म्हातारा माणूस म्हणून बोललो नाय."

"इंद्या," आप्पाराव म्हणाला. तेवढंच. त्यात राग नव्हता. हातातलं भांडं निसटल्यावर माणूस जसं बोलतो तसं तो बोलला.

सरांना बोलावलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्याला एकच विचारलं, "हा म्हणतो ते खरं का?" आप्पाराव काळ्या रोपांच्या ढिगाकडं बघत उभा राहिला. त्यानं तेव्हाही कुणाचं नाव घेतलं नाही. सरांनी ती कबुली धरली.

"दिवेलागणीच्या आत खोली रिकामी कर."

सत्यभामा गोधड्या बांधत होती. मध्येच उठली आणि पंपाशी उभ्या असलेल्या इंद्रजीतपुढं येऊन थांबली.

"म्हातारा तोंड उघडत नाय. तू तरी सांग. कुणी केलं?"

"त्यांनीच."

"माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं. "त्यांनीच केलं, मावशी."

तिनं आपले दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढं धरले. कष्टानं भेगाळलेले, नखांत कोरफडीचा हिरवा गर. "ह्या हातांनी तुझा पू पुसला म्या. त्या दिशी तुझ्याजागी हे हात जळाले असते तर बरं झालं असतं."

रिक्षात सामान मावलं नाही. पत्र्याची पेटी मागं राहिली. आप्पाराव पुढं ड्रायव्हरशेजारी बसला आणि त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. पिशोरला, लेकीकडं गेले ते.

सोमवारी सरांनी खोलीची किल्ली इंद्रजीतच्या हातात दिली. "आता बाग तुझी." त्यानं रांजणातली माती बुडापासून बदलली, गोड्या पाण्यानं तीनदा धुतली, नवी रोपं लावली. आप्पारावनं शिकवलं होतं तसंच. रोपं धरली. मॅडम खूश झाल्या. रविवारच्या गोष्टीत आता एक भाग वाढला होता, माथेफिरू म्हाताऱ्याचा, आणि तो इंद्रजीत सांगायचा. चांगला सांगायचा. लोक अगदी शेवटपर्यंत ऐकायचे.

दिवाळीपासून कडूबाई परगावी कापूस वेचायला गेली होती. डिसेंबरात तिथूनच ती लेकाची खोली बघायला आली. येताना भाकरी, ठेचा आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन आली. तसबीर लावायला खिळा शोधताना तिला कोपऱ्यातली पेटी दिसली.

"ही कुणाची रं?"

"आप्पाची."

"आन् सत्यभामाबाई कुठं गेली? मला भेटायचंय तिला. लुगडं आणलंय तिच्यासाठी." तिनं पिशवीतून हिरवं लुगडं काढून मांडीवर ठेवलं. "बाई नव्हती रं ती, देवमाणूस व्हती. रात रात बसली तुझ्यापाशी."

इंद्रजीत भाकरी मोडत होता. नोकरी सुटली, लेकीकडं गेले, एवढं सांगितलं असतं तरी आईला पुरलं असतं. पण ती लगेच लुगडं घेऊन लेकीच्या दारात जाऊन बसली असती. सत्यभामा तिला सगळं सांगणार. दोघी एकमेकींपुढं रडणार.

"चोर निघाले ते," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या खोलीतनं सोनं उचललं. सरांनी पोलिसात दिलं नाय, म्हातारे म्हणून. नुसतं हाकललं."

कडूबाईचा घास हातातच राहिला. "सत्यभामाबाईनं?"

"व्हय."

 तिनं लुगडं घडी मोडू न देता पुन्हा पिशवीत टाकलं. "माणसाचं काय सांगावं," म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली.

दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज चढलेला होता. बाजाराच्या दिवशी तिनं सत्यभामेला भाजी घेताना बघितलं आणि चार बायकांत तोंडावर सांगितलं, चोराला आमच्या गावात जागा नाय. बायकांनी घरी सांगितलं, घरच्यांनी पारावर, पारावरून ते जावयाच्या कानावर गेलं. आधीच तो सासू-सासऱ्यांना कंटाळलेला होता, त्याला निमित्तच पाहिजे होतं. काल सकाळी त्यानं दोघांना एसटीत बसवून दिलं. म्हातारा चालत नव्हता, दोन माणसांनी धरून चढवला. एसटी कुठल्या गावाची होती, ते कडूबाईला ठाऊक नव्हतं.

"बरं केलं का न्हाय म्या?" तिनं विचारलं. "माझ्या लेकाच्या मालकाकडं चोरी करणारी माणसं."

"बरं केलंस," इंद्रजीत म्हणाला. "आये, ठिवतो. गेस्ट आलेत."

रविवार होता. गेटाशी दोन गाड्या लागल्या होत्या, आणि सर लांबून हात करून त्याला बोलावत होते. त्यानं पाइप बंद केला, हात विजारीला पुसले आणि त्यांच्याकडं चालू लागला.